वाकायचे विसरलेला हूक

मी एक जुना हूक आहे मित्रांनो, आणि आता मी फार दमलो आहे. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसली आली आहे दमणूक! तुम्हाला हूक म्हणजे दारामागचा, टॉवेल अडकवायचा, एवढाच ठाऊक असेल. मी त्यातला नव्हे. छताच्या तुळईला चेन पुली लटकवलेली असते ना, जिची साखळी ओढली की जड वस्तू हळूहळू वर जाते, त्या पुलीच्या खालच्या टोकाला मी असायचो. दोन टनांचा हूक. माणसे अडचणीत सापडली की म्हणतात, जीव टांगणीला लागला. आमच्या घराण्यात जन्मापासून तेच चालते, त्याचे कोणी नवल करत नाही.

माझा जन्म एका घडाईच्या कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा लोहार होता. त्याच्या भुवया भट्टीच्या धगीने कायमच्या जळून गेल्या होत्या, त्यामुळे तो सदा आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. त्याने मला लाल केले, घणाखाली ठोकले, वाकवले, पुन्हा लाल केले. शेवटी एकदा फक्त बेताचा तांबडा होईपर्यंत तापवून आडोशाला शांतपणे निवायला ठेवले. शेजारचा कामगार म्हणाला, "पाण्यात टाका की, लवकर होईल." म्हातारा म्हणाला, "याला घाईनं निववला तर हा घाईनंच मोडेल." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी आपला पडून राहिलो. आयुष्यात पाठ टेकायला मिळाली ती तेवढीच.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. वरून पाहिले तर मी एकसंध दिसतो. पण आत लाखो बारीक दाणे असतात, एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले. प्रत्येक दाण्यात लोखंडाचे इवले इवले थर नीट रचलेले असतात, पण गंमत अशी की एका दाण्याचे थर या दिशेला, तर शेजाऱ्याचे भलत्याच दिशेला. दोन दाण्यांमधल्या सीमेला मी बांध म्हणतो, शेताचा असतो तसा. माझ्यावर ओझे आले की दाण्यातले थर एकमेकांवरून सरकू पाहतात. सरकत सरकत ते बांधापर्यंत येतात आणि तिथे अडतात, कारण पलीकडचे थर तिरके. दाणे बारीक असले की बांध पुष्कळ, आणि बांध पुष्कळ म्हणजे जागोजाग अडवणूक. माझी सारी ताकद या अडवणुकीत आहे. आणि ओझे अगदीच पेलेनासे झाले, तर सगळे दाणे थोडे थोडे सरकून घेतात. एकट्यावर भार पडत नाही. मग मी मोडत नाही, हळूहळू वाकतो. वाकलेला हूक डोळ्यांना दिसतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. म्हाताऱ्या लोहाराने मला बेताने तापवून निवांत निववले ते दाणे बारीक राहावेत म्हणून.

कारखान्यातून मी एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आलो. एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छताची लांबट जागा. एका भिंतीला लोखंड कातायचे लेथ, दुसरीला भट्टी आणि ऐरण, मध्ये मोकळी जमीन आणि तिच्यावर मी. मागच्या जिन्याने वर गेले की मालकांचे घर. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा फार कमी बोलत. शब्द जणू रेशनवर मिळत असल्यासारखे ते एकेक जपून काढत. मी आलो त्याच दिवशी त्यांनी टणक लाकडाची एक खुंटी तासली, माझ्या तोंडात अगदी बरोब्बर बसेल अशी, ना सैल ना घट्ट. तिला दोरी बांधून ती खांबाच्या खिळ्याला अडकवली. दर सोमवारी सकाळी, शटर वर गेल्यावर पहिले काम हे, की खुंटी माझ्या तोंडात घालून पाहायची.

"खुंटी सैल, हूक बाद," अण्णा म्हणाले. एवढेच. का, ते सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्या दिवसापासून मी राबलो. लेथचे जड पाये उचलले, छापखान्याचे रूळ उचलले, लिफ्टची मोटर उचलली, एकदा तर एका शाळेची पितळी घंटा उचलली, जिच्या वजनाने मला हसूच आले. छापखान्याच्या मालकाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले होते, "काय दणकट चीज आहे!" मी चार दिवस त्याच तोऱ्यात होतो. पण मित्रांनो, कौतुकाची एक गोम असते. एकदा दणकट म्हटले की मग तुम्हाला कोणी 'पेलवेल का' असे विचारत नाही.

वर्षे गेली. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, गुडघ्यांनी हात टेकले. ते वरच्या खोलीत बसू लागले आणि वर्कशॉप मुलांकडे आले. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकटीला ताई. गिऱ्हाइकाशी बोलणे, शब्द देणे, वेळ पाळणे हे दादाचे. यंत्र उघडणे, जोडणे, तेलात कोपरापर्यंत हात घालणे हे ताईचे. म्हणजे माझ्याखाली, ओझ्याच्या अगदी जवळ, गुडघ्यांवर बसून बोल्ट लावणारी ती ताई. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी काळजी तीच होती.

सोमवारची खुंटी तिने कधी चुकवली नाही. खुंटी घालायच्या आधी ती अंगठा माझ्या आतल्या बाजूने फिरवायची आणि म्हणायची, "काय रे बाबा, बरा आहेस ना?" कोणी विचारपूस केली की दमलेल्याला अजून थोडे चालवते. मला त्यावर पुढचा सोमवार काढता यायचा.

दादा वाईट नव्हता. घाईचा होता. त्याने लोकांना शब्द दिलेले असायचे आणि ते शब्द माझ्या मानेवर बसायचे. दोन टनांच्या हुकाला अडीच टन. सरळ उचलायच्या जागी तिरपे ओढणे. कधी नुसत्या टोकावर साखळी अडकवून, "होतंय होतंय, ओढ" असे म्हणत वेळ मारून नेणे. ताई ओरडायची, "दादा, टोकावर नको घेऊस रे!" तो म्हणायचा, "एवढ्या वेळेला." असे 'एवढ्या वेळेला' कितीतरी वेळा झाले. माझ्यातले थर रोज बांधांवर येऊन धडकत होते आणि बांध धरून होते. पण धरून धरून किती धरणार? एका उन्हाळ्यात मी वाकू लागलो.

एका सोमवारी ताईने खुंटी घातली आणि ती दुसऱ्या बाजूने निसटून खाली पडली. माझे तोंड दोन सूत, म्हणजे पाव इंच, उघडले होते. मित्रांनो, मला वाईट वाटले नाही. सुटलो, असे वाटले. मला जे सांगायचे होते ते मी वेळेवर सांगितले होते.

"दादा, हूक बाद," ताई म्हणाली.

दादाने डोक्याला हात लावला. त्याच दिवशी पाणीपुरवठ्याचा मोठा पंप दुरुस्तीला यायचा होता. अर्ध्या वस्तीला तीन दिवस नळाला पाणी नव्हते. माणसे टँकरमागे पळत होती, आणि पंप परवा संध्याकाळपर्यंत सुरू करून देतो, असा शब्द दादा देऊन बसला होता.

"नवा हूक यायला चार दिवस लागतील," तो म्हणाला. "लोकांनी काय तोंड कोरडं घेऊन बसायचं? तू जा, पंपाच्या पायाची मापं घेऊन ये. हुकाचं मी बघतो."

ताई सायकल काढून गेली. दादाने मला साखळीतून सोडवले, भट्टी पेटवली, वारा घालणारा ब्लोअर लावला आणि मला निखाऱ्यात खुपसले. त्याचा हिशेब सरळ होता. तोंड उघडले आहे, तर तापवून मिटवायचे. खुंटी बसली की झाले. हा गोंधळ त्याच घरातला माणूस घालू शकतो, मित्रांनो. ज्याच्याकडे खुंटी नसती तो वाकलेला हूक पाहून निदान तो बदलून मोकळा झाला असता; दादाला मात्र खुंटी बसली म्हणजे हूक बरा झाला, असे वाटत होते.

मी लाल झालो. एवढ्यात फोन वाजला. पाणीपुरवठ्याचे साहेब होते आणि त्यांचा पारा चढलेला. ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून दादा फोन घेऊन अंगणात गेला. ब्लोअर चालूच. मी लालाचा नारिंगी झालो, नारिंगीचा पिवळा, आणि पिवळ्याचा पांढुरका होत चाललो. बाहेर दादा म्हणत होता, "साहेब, ऐका तर... साहेब, माझा शब्द आहे..."

आणि माझ्या पोटात बांध हलू लागले. खूप तापले की असे होते. मोठे दाणे शेजारच्या लहान दाण्यांच्या सीमा ढकलत जातात आणि त्यांना गिळून टाकतात. जिथे शंभर दाणे होते तिथे दहा उरतात, मग पाच. आत मारामारी नाही, आवाज नाही. दुखलेही नाही. उलट इतके सैल, इतके मोकळे वाटले की मला वाटले, हीच ती विश्रांती. दमलेल्याला सुख आणि घात यांतला फरक चटकन कळत नाही.

दादा धावत आला. "अरे बाप रे!" म्हणत त्याने मला सांडशीने ओढून काढले आणि ऐरणीवर ठेवून चार घाव घातले. मी लोण्यासारखा मिटलो. त्याने मला निवू दिले, खुंटी घातली. बरोब्बर बसली. मग वरून त्याने झकास पिवळा रंग दिला. मी आरशात पाहिले असते तर स्वतःला ओळखले नसते. त्याच वेळी त्याने मला एकदा बेताचा तांबडा करून आडोशाला निवू दिले असते, तर दाणे पुन्हा बारीक झाले असते कदाचित. पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि तेवढे केले असते तरी बाद ठरलेला हूक बादच ठेवायला हवा होता.

ताई परत आली. तिने नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि थांबली.

"हे असं खरखरीत का लागतंय? संत्र्याच्या सालीसारखं."

"रंगाचं आहे ते. घाईत दिलाय," दादा म्हणाला. "सरळ करून घेतला त्याला. खुंटी घालून बघ ना."

तिने घालून पाहिली. बसली. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. ती म्हणाली, "अण्णांना विचारू का एकदा?"

"त्यांचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेत. डोळ्यांवर पट्टी आहे. आणि ते काय सांगणार? खुंटी सैल, हूक बाद. मग सैल आहे का? नाही ना? झालं तर मग."

ताईने खुंटी पुन्हा खिळ्याला अडकवली. मी खालून, नव्हे वरून, तिला सांगू पाहत होतो की अगं, ते रंगाचे नाही. माझे जाडजूड दाणे कातडीखालून वर आले आहेत, तेच तुझ्या अंगठ्याला लागतायत. पण मला एकच गोष्ट सांगता यायची, वाकून दाखवता यायचे, आणि तीच आता माझ्याकडे राहिली नव्हती.

पंप मी उचलला. शब्द दिल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुरू झाला, नळ खळखळले, लोकांनी दादाचे तोंड भरून कौतुक केले. शांतपणे उचललेले ओझे मी अजून पेलत होतो, ते खरे. पण आत बांध थोडे राहिले होते. एकदा थर सरकला की लांबवर अडवणारे कोणी नाही. सगळा रेटा एकाच ठिकाणी साचणार आणि तिथून तडा जाणार, वाकणे वगैरे काही नाही. दर सोमवारी खुंटी बरोब्बर बसत होती. ताई माझ्याखाली गुडघ्यांवर बसायची, मान वाकवून बोल्ट लावायची, आणि मी तिच्या मानेकडे बघत राहायचो. वाकून झालेला थकवा मला माहीत होता. न वाकता येण्याचा थकवा त्याहून वाईट असतो.

थंडी पडली. थंडीत माझ्यासारख्याचा उरलासुरला लवचीकपणाही जातो. एका सकाळी पत्र्यावर दव गोठले होते. खडी फोडायच्या यंत्राचा गिअरबॉक्स बसवायचा होता. दादा साखळी ओढत होता, ताई खाली बसून भोके जुळवत होती. गिअरबॉक्स कमरेइतका वर होता.

"थांब," ताई म्हणाली. "हा बोल्ट आखूड आहे. दुसरा आणते."

"आण लवकर. मी धरतो तोवर," दादा म्हणाला आणि तिच्या जागी जाऊन बसला.

ती कपाटाकडे गेली. सात पावले असतील. वर साखळीचा एक पिळलेला दुवा अडकून होता, तो एकदम सुटला. गिअरबॉक्स चार बोटे खाली आला आणि झटक्याने थांबला. तो झटका माझ्यावर आला. मी वाकलो नाही. काचेचा पेला फुटावा तसा टचकन आवाज झाला आणि मी दोन तुकडे झालो. एक तुकडा साखळीला राहिला, दुसरा ओझ्याबरोबर खाली गेला.

दादा वाचला. त्याचा डावा पाय घोट्यापासून चिरडला. मी ते वर्णन करणार नाही. ताई लांब बोल्टांचा डबा हातात घेऊन तशीच उभी होती आणि मग ती किंचाळली, त्या आवाजाने वरच्या खोलीतून अण्णा गुडघे विसरून जिना उतरून आले.

दुपारी दवाखान्यातून परत आल्यावर अण्णांनी माझा खालचा तुकडा मागितला. ताईने दिला. ऑपरेशननंतरही त्यांना जवळचे बारीक दिसत नव्हते. त्यांनी मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, आणि मग तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून ताईला विचारले, "काय दिसतंय?"

"चमचम करतंय. खडीसाखर फोडल्यासारखं."

"चांगला हूक मोडला तर आत राखाडी, मऊ दिसतो. ओढून तुटल्यासारखा." अण्णांनी तुकडा खाली ठेवला. "हा जाड दाणा झालाय. कुणी तापवला?"

ताईने सांगितले. सरळ केल्याचे, रंगाचे, अंगठ्याला लागलेल्या खरखरीचे, सगळे. "मला तेव्हाच वाटलं होतं अण्णा. पण खुंटी बसत होती."

तिला वाटले, आता अण्णा चिडतील. मलाही वाटले. पण ते पायरीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले.

"तीस वर्षं मी तुम्हाला खुंटी दिली," ते म्हणाले. "कारण नाही दिलं. दोन वाक्यं लागली असती गं. दोन वाक्यं."

तीस वर्षांत मी त्या माणसाला एका दमात इतके बोलताना ऐकले नव्हते.

दादा दीड महिन्याने घरी आला, कुबड्या घेऊन. त्या दिवशी संध्याकाळी तो वर्कशॉपमध्ये आला, बाकावर टेकला आणि ताईला म्हणाला, "दे ते तुकडे." तिने दोन्ही तुकडे त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने ते हळूच एकमेकांना लावले. मित्रांनो, ते तंतोतंत जुळले. जो हूक वाकून, ओढला जाऊन तुटतो, त्याची टोके लांबतात आणि ती पुन्हा कधी जुळत नाहीत. मी जराही वाकलो नव्हतो, म्हणून मी पूर्ण जुळलो, फट म्हणून दिसेना. दादा बराच वेळ मला तसाच धरून बसला. मग त्याने हात काढला आणि मी पुन्हा दोन होऊन त्याच्या मांडीवर पडलो.

"अण्णा," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आत काय झालं होतं, ते सांगाल का मला?"

अण्णा त्याच्या शेजारी बसले. ताईने समोर एक पाट ओढला. आणि अण्णा सांगू लागले, दाण्यांचे, बांधांचे, लाल आणि पांढऱ्या धगीतल्या फरकाचे. मध्येच दादा रडत होता आणि मध्येच प्रश्न विचारत होता. चहा गार झाला तरी कोणी उठले नाही.

उद्या मला भंगारात देणार आहेत. तिथून भट्टीत. मला त्याचे दुःख नाही, वितळण्याइतकी विश्रांती दुसरी कुठली? पण जाता जाता एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या आसपास कोणी ओझ्याखाली वाकू लागले, खुर्ची असो, दोरी असो की घरातले माणूस, तर त्याला घाईने सरळ करू नका आणि वरून रंगही देऊ नका. ते तुम्हाला काहीतरी सांगते आहे. आधी त्याच्या पाठीवरचे ओझे खाली उतरवा. मग शेजारी बसा आणि विचारा, आत काय झाले आहे.